निळा शर्ट, भिंतीला टेकून

आमच्या अण्णाला गर्दीची भीती वाटते, म्हणून मी त्याला रविवारी थीम पार्कात नेलं.

(हसू नका, तेव्हा तो इलाज वाटला होता!) माझा हा थोरला भाऊ आठ महिने घराबाहेर पडला नव्हता. सोमवारी नवी नोकरी, तीही तंजावूरच्या भरगच्च टाउन बसनं जायची. म्हटलं, आधी सराव करू.

रांगेत त्याचा तळवा बर्फासारखा गार. "हात सोडू नको रे."

"सोडतो कशाला!"

पाच मिनिटांत सोडला. शिट्टीवाल्या गार्डची नक्कल करायला दोन्ही हात लागतात हो! पोरं हसली, माणसं जमली, मी फुललो. वळून बघतो तर अण्णा गायब. फोन? पाण्याचे खेळ म्हणून दोघांचेही लॉकरात!

हरवलेल्यांना पुकारतात त्या माईकच्या खोलीकडे पळत सुटलो. आता तंजावुरात सगळे तमिळ बोलणारे, आमची मराठी म्हणजे घरचं कुलूप. बसमध्ये शेजारच्या मामीच्या साडीला नावं ठेवा, खुशाल मराठीत ठेवा, कुणाला कळतंय! अण्णाची भीती चारचौघांत उघडी पडू नये म्हणून मी मराठीतच पुकारलं, "अण्णा, गर्दीला घाबरू नको! निळ्या शर्टवाला माझा अण्णा, भिंतीला टेकून बस, रडू आलं तर रड! मी आलोच!"

कुणालाच कळलं नसतं. पण तंजावूरचं थोरलं देऊळ बघायला निघालेल्या सातारकरांच्या दोन बसा नेमक्या त्याच दिवशी पार्कात उतरल्या होत्या.

शोधत शोधत आइस्क्रीमच्या दुकानामागे पोचलो तर हे एवढं रिंगण!

"हाच तो निळा शर्ट!"

"कांदा आहे का कुणाकडं? हुंगवा त्याला!"

"मागं व्हा, वारा येऊ द्या!" असं ओरडणारे काका सगळ्यांत पुढे.

मधे अण्णा. ओठ पांढरे, नखं भिंतीत रुतलेली, श्वास आत जातोय पण बाहेर येत नाही. हा मरतोय की काय, असं मला खरंच वाटलं. आणि माझ्यामुळं.

मी गार्डच्या आवाजात गरजलो, "सगळे लांब व्हा!" तेही अस्सल तमिळमध्ये. ढिम्म! सातारकरांना तमिळ कुठलं कळायला! मग रडकुंडीला येऊन मराठीत, "सरा की हो, पाया पडतो!"

"अगं बाई, काय गोड मराठी बोलतो हा! परत बोल ना!" एक मावशी म्हणाल्या, आणि रिंगण आणखी आवळलं.

शेवटी त्यांच्या पायांमधून सरपटत आत शिरलो. अण्णाच्या डोक्यावर माझ्या खांद्यावरचा ओला टॉवेल टाकला आणि त्याला तसाच, झाकलेला, बाहेर ओढला. रिक्षात बघितलं, माझ्या मनगटावर त्याच्या बोटांचे वळ उठले होते. नोकरी बुडालीच म्हणायची, आणि ती मी बुडवली. रात्री मला जेवण गेलं नाही.

सोमवारी सकाळी अण्णा दारात उभा. पांढरा शर्ट, हातात डबा. मी घाईघाईनं चपला शोधायला लागलो. "थांब अण्णा, मीही येतो बसपर्यंत!"

"नको रे," तो म्हणाला. "बसमधली गर्दी सोसेन कसातरी. तू आलास की वेगळी जमते."