हातावर चढणाऱ्या गाठी

आत्याला पहिली गाठ आली ती उजव्या हाताच्या तर्जनीवर. वाटाण्याएवढी, लालसर, न दुखणारी. कापूस सलग तीन वर्षं हातचा गेल्यावर तिने वावर बटईने, पिकाच्या वाट्यावर, दुसऱ्याला कसायला दिलं होतं आणि परतवाड्याच्या मंडीत संत्र्याच्या पेट्या भरायला जायला लागली होती. पेटीत आधी वाळलं गवत अंथरायचं, त्यावर संत्री, मग पुन्हा गवत. कुसळं बोटात रोजच शिरायची, त्यामुळे त्या गाठीकडे कोणी पाहिलं नाही.

मी तेव्हा अमरावतीच्या एका दवाखान्यात प्रयोगशाळेत काम करायची. संक्रांतीला तिच्याकडे गेले, तोवर तर्जनीपासून कोपरापर्यंत पाच गाठी झाल्या होत्या. सगळ्या एका रेषेत, कोणीतरी अंतर मोजून ठेवल्यासारख्या. खालच्या दोन फुटून त्यांच्या जखमा झाल्या होत्या. कोपराच्या खाली काळा दोरा होता.

"हा कावून बांधला?" मी विचारलं.

"शेजारनीनं देल्ला. म्हने, याच्या वर्त नाही जाणार ते."

"ते म्हणजे कोण?"

"मले काय मालूम? पन आतून चालून राहिलं ना वं. मले समजते."

मी दोन गाठींमधल्या कातडीवर बोट फिरवलं. आत सुतळीसारखं काहीतरी घट्ट लागलं. मी हात मागे घेतला.

सकाळी न्हाऊन आली तेव्हा दोऱ्याच्या वर, दंडावर, एक नवा फुगवटा होता. आत्याने तो पाहिला. दातांनी दोरा सोडला आणि मला हात पुढे करून म्हणाली, "वर्त बांधून दे." दोरा निघाला तिथे कातडीवर वळ होता. त्याच्या खाली तसलेच आणखी दोन जुने वळ होते. मी दोरा बांधला.

मंडीत पेट्या भरायच्या शेडमधल्या बायांनी तिला पाण्याच्या माठाला हात लावू देणं बंद केलं होतं. ती उठली की तिच्या जागी कोणी बसायचं नाही. मुकादम "बरं वाटेपावतर घरीच राय" म्हणाला होता. गावातल्या दोन डॉक्टरांच्या गोळ्या घेऊन झाल्या होत्या. मी तिला दुसऱ्या दिवशीच्या बसने अमरावतीला आणलं.

आमचे त्वचारोगाचे डॉक्टर निवृत्तीला आलेले. त्यांनी हात पाहण्याआधी विचारलं, "बाई, काम काय करता?"

"संत्र्याच्या पेट्या भरतो. गवत टाकून."

"गवत," ते म्हणाले आणि मान हलवली. गाठीचा बारीकसा तुकडा काढून त्यांनी माझ्याकडे दिला. "कुसळांतून शिरलेली बुरशी असेल. वाढवून पाहा."

मी तुकडा नळीत लावला. रोजचंच काम होतं, पण यावेळी ते आत्याचं मांस होतं. आठवड्याने नळीत पांढुरकं काही दिसलं, मग ते तपकिरी झालं आणि मग डांबरासारखं काळं, सुरकुतलेलं. निळा रंग घालून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं तर बारीक देठांवर बुरशीची फुलं दिसली. पाकळ्या मोजाव्यात इतकी रेखीव.

डॉक्टरांचा अंदाज खरा ठरला, पण बुरशीवरच्या नव्या गोळ्या तिला झेपणार नव्हत्या. आदल्या वर्षी कावीळ होऊन गेली होती आणि यकृत अजून धड नव्हतं. डॉक्टरांनी पोटॅशियम आयोडाइड लिहिलं. खोकल्यात कफ सुटायला, गळ्याच्या ग्रंथीसाठी देतात ते जुनं औषध. अमरावतीत ते तयार करून देणारं कोणी मिळेना, म्हणून मी अकोल्याला गेले. तिथे एक म्हातारे मुस्लिम औषधवाले अजून स्वतः औषधं बनवायचे. चिठ्ठी वाचून त्यांनी चष्मा वर केला.

"बेटी, हे आता कोनी मांगत नाही. खांसी किसको है?"

"खोकला नाही चाचा. हाताला बुरशी झाली."

"अच्छा!" ते म्हणाले आणि बराच वेळ तपकिरी बाटली हलवत राहिले.

दिवसातून तीनदा दुधात थेंब, आणि डॉक्टर सांगतील तसे वाढवत न्यायचे. आत्या माझ्याचकडे राहिली. तिच्या तोंडाला लोखंडासारखी चव यायची, नाक गळायचं, डोळे झरायचे. म्हणायची, "रडत नाही वं मी, दवाई रडवून राहिली."

मला राहवेना. प्रयोगशाळेत मी तेच औषध एका नळीत घालून त्यावर तिची बुरशी लावली. मरताना पाहायची होती मला ती. दहा दिवसांनी ती मजेत वाढली होती, शेजारच्या बिनऔषधाच्या नळीतल्या बुरशीइतकीच काळी. मी नळी घेऊन डॉक्टरांकडे धावले.

"सर, हे औषध बुरशीला मारत नाही."

"माहीत आहे," ते म्हणाले. "काचेत मारत नाही. शरीरात गेलं की बुरशी जाते. का जाते, ते मलाही नीटसं कळलेलं नाही."

घरी आले तर आत्या दारात बसून तांदूळ निवडत होती, उजव्या हाताने. मी दंड धरून पाहिला. वरची गाठ मऊ पडली होती.

पुढच्या दोन महिन्यांत गाठी एकेक करून बसल्या. जखमा कोरड्या पडल्या, आतली सुतळी विरली. डॉक्टरांनी त्यानंतरही महिनाभर थेंब चालू ठेवायला लावले. शेवटच्या तपासणीला ती म्हणाली, "मले पायू दे, माह्या हातात काय व्हतं ते." मी तिला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. एक डोळा मिटून ती कितीतरी वेळ पाहत राहिली.

"देखनं हाय," ती हळूच म्हणाली. मग हात पदराखाली घेतला आणि मला म्हणाली, "जाळून टाक." मी त्याच दुपारी सगळ्या नळ्या वाफेत घालून मारल्या.

ती शेडमध्ये परत गेली, हातात जाड मोजे घालून. पहिल्या दिवशी बाया लांबूनच हाताकडे बघत होत्या म्हणे. दुसऱ्या दिवशी एकजण तिच्या शेजारी येऊन बसली, आजूबाजूला पाहून घेतलं आणि पदराखालून अंगठा काढला. अंगठ्याच्या बुडाशी एक गाठ होती आणि मनगटावर दुसरी.

"कवापासून हाय?" आत्याने विचारलं.

"होळीपासून. घरी सांगतलं नाही कोनाले."

गुरुवारी सकाळच्या बसने आत्या तिला घेऊन माझ्याकडे आली.