लाँचच्या केबिनमधली पेटी

नोकरीत हाताखालून गेलेले बहुतेक गुन्हे आता आठवायचे म्हटले तर समोर कागद लागतील. दासगावच्या पेटीचे प्रकरण मात्र मला अजून तोंडपाठ आहे. गंमत म्हणजे त्याचा धड गुन्हासुद्धा कधी दाखल झाला नाही.

मी तेव्हा महाडला फौजदार होतो. जिल्ह्याला अजून कुलाबा म्हणत आणि राज्य इंग्रजांचे होते. नोकरीचे सहावे वर्ष, अंगात रग भरपूर, आणि माणूस नुसता पाहिला की ओळखतो असा स्वतःबद्दल पक्का समज. मुंबईहून गावी येणारी माणसे आगबोटीने बाणकोटला उतरत. तिथून लहान लाँचने सावित्रीच्या खाडीतून दासगावच्या धक्क्याला येत आणि मग कोणी गाडीने, कोणी मोटारीने, बरेचसे पायीच महाड-पोलादपूरकडे पांगत. लाँचवर ही गर्दी. ट्रंका, वळकट्या, लेकुरवाळ्या बायका. डोळा लागला की खिसा कापला गेलाच म्हणून समजावे.

त्यामुळे त्या लाँचवर एक रीत पडली होती. सारंगाच्या, म्हणजे लाँच हाकणाऱ्याच्या, केबिनमध्ये एक लहानशी लोखंडी पेटी साखळीने जखडलेली असे. ज्याच्याजवळ सोने किंवा घड्याळ असेल तो ते फडक्यात बांधून तिथल्या म्हाताऱ्या खलाशाच्या हातात देई. खलाशी पुरचुंडी पेटीत टाकी, किल्ली करगोट्याला अडकवी आणि धक्क्यावर उतरताना ज्याची त्याला देई. पावती नाही, यादी नाही. त्याला लिहिता येतच नव्हते. लहानथोर सगळे त्याला आबा म्हणत.

माघातल्या एका सोमवारी सकाळी, ओहोटी लागलेली असताना, ही लाँच दासगावच्या अलीकडे खडकावर चढली. तळाला भोक पडले आणि मागची बाजू पाण्यात बसली. काठावरचे होडीवाले धावले, माणसे सगळी सुखरूप उतरली. सामानाची मात्र दैना झाली. मदतीला आलेल्या होड्यांतून काही ट्रंका भलत्याच काठाला गेल्या. दुपारी लाँचचा एजंट घामाघूम होऊन ठाण्यावर आला. केबिनमधली पेटी गायब होती आणि खलाशीही गायब होता.

मी एजंटाचा अर्ज घेतला, स्टेशन डायरीत नोंद केली, दोन शिपाई लाँचवर पहाऱ्याला बसवले. आधी खलाशी हाताशी यावा, मग गुन्हा दाखल करावा, असा माझा बेत होता.

मंगळवारी सकाळीच खबर मिळाली. खबर आणणारा एक होडीवाला होता, आणि एका ट्रंकेबद्दल आमचा त्याच्यावरच वहीम होता. खबऱ्याला आपली कातडी वाचवायची असते, पण तेवढ्यावरून खबर खोटी ठरत नाही, एवढे मी शिकलो होतो.

"मी बगितला ना साहेब त्याला," तो म्हणाला. "घोंगडीत गुंडाळलेलं कायतरी पाठीवर घेऊन डोंगराला चढत व्हता. वजनानं पार वाकला व्हता."

मला प्रकरण संपल्यासारखे वाटले. दुपारी खलाशी आपल्या पायांनी दासगावात परत आला आणि माझ्या हवालदाराने त्याला सरळ ठाण्यावर आणून बसवले. पंचांना घेऊन मी त्याच्या घराची झडती घेतली. दोन मडकी, एक जाळे आणि सुके बोंबील, यापलीकडे काही निघाले नाही.

दरम्यान मी उतारूंचे जबाब घ्यायला लागलो होतो. वीसेक जण असतील. माझी अपेक्षा अशी की रडारड होईल, खलाशाला शिव्याशाप मिळतील. तसे काही घडेना. जो तो एकच सांगे, पेटी आबांकडे आहे ना, मग आहे. त्यातला एक गिरणी कामगार पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीत राहणारा होता. बहिणीच्या लग्नाचे दागिने घेऊन तो निघाला होता. नथ, पुतळ्यांची माळ आणि डोरले. लग्न शुक्रवारी होते. तो ठाण्याच्या ओट्यावर बसून राहिला होता.

मी त्याला म्हटले, "सोनं गेलं तर लग्नाचं काय होईल?"

"मोडंल," तो म्हणाला. "नवऱ्याकडची मानसं कडक हायेत. माळ नाय दिसली तर मांडवातनं उठतील."

"मग फिर्याद लिहून दे. याला आत टाकतो."

"आबांवर? नाय साहेब. मी फिर्याद देनार नाय. ते आनून देतील."

मी मनात म्हटले, मुंबईत इतकी वर्षे राहून हा गडी कोराच राहिला.

खलाशाला मी समोर घेतले. पासष्टीचा असेल. अंगाने वाळलेला, हात मात्र दोरखंड ओढून जाड झालेले. चौकशीत मी नेहमी आधी समोरच्याचे पाय बघत असे. खोटे बोलणाऱ्याची बोटे चाळवतात. याचे पाय फरशीवर घट्ट होते.

"पेटी कुठं आहे?"

"हाय जाग्यावर."

"कुठल्या जागेवर?"

"ते सांगनार नाय."

"मग डोंगरावर घोंगडीतून काय नेलंस?"

"म्हातारी नेली. लाँचवर व्हती. भिजून काकडली व्हती. तिच्या वाडीला पोचवली आनि रात तिथंच काढली."

हवालदार हसला, मीही हसलो. तरी नियमाप्रमाणे एक शिपाई त्या वाडीवर पाठवला. बुधवारी सकाळी तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. म्हातारी चुलीजवळ बसलेली सापडली. शिपायाने घोंगडीतल्या जड वस्तूबद्दल विचारताच ती म्हणाली होती, "मीच ती. बग, उचलून बगतोस काय?"

माझी खबर अशी चुलीत गेली. आता मात्र मी चिडलो. टेबलावर हात आपटून खलाशाला म्हटले, "आज संध्याकाळपर्यंत पेटी आली नाही तर विश्वासघाताचा गुन्हा दाखल करतो आणि तुला कोठडीत घालतो. लाँचवरची नोकरी जाईल, या वयात तुरुंगात जाशील. इथं फौजदार मी आहे की तू?"

"तुमीच की," तो शांतपणे म्हणाला. "म्हनून तर सांगत नाय."

"म्हणजे?"

त्याने मागच्या कुलूपबंद खोलीकडे बोट दाखवले. मग बोलला. "माझ्या घरी एकदा चोरी झाली. पोरीच्या लग्नाची नथ गेली. तुमच्या आधीच्या फौजदारानं चोर धरला, नथ बी गावली. लय बेस काम केलं त्यानं. मंग नथीला चिठ्ठी बांधली आनि त्या खोलीत ठेवली. मी येत ऱ्हायलो. कोर्ट व्हऊ दे म्हनाले, मंग अपील व्हऊ दे म्हनाले. पोरगी नथीबिगर सासरी गेली. नथ मिळाली तवा तिला दोन पोरं झाली व्हती. पेटी तुमच्या हातात दिली की तुमी चिठ्ठ्या बांधनार. त्या भायेर बसलेल्याच्या भनीचं लगीन शुक्रवारी हाय. मला घाला कोठडीत. त्यांची वस्तू त्यांच्या हातात पडू दे, मंग घाला."

त्याने दाखवलेली खोली म्हणजे आमची मुद्देमालाची खोली. गुन्ह्यात जप्त झालेला माल खटला संपेपर्यंत तिथे पडून राहतो. मी हवालदाराकडे पाहिले. तो खिडकीबाहेर बघत होता. खलाशी सांगत होता ते खरे होते हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

कोठडीची भीती घालून तोंड उघडायला लावलेली माणसे मी पुष्कळ पाहिली होती. दुसऱ्याचे सोने वेळेवर पोचावे म्हणून स्वतः कोठडी मागणारा माणूस पहिल्यांदाच पाहत होतो. अंगावर काटा आला होता, हे आज कबूल करायला लाज वाटत नाही.

मी जबाबांचे कागद पुन्हा वाचले. वीस मालकांपैकी एकाचीही तक्रार नव्हती. तक्रार होती ती एजंटाची, आणि पेटीतली एकही वस्तू त्याची नव्हती. गुन्हा अजून दाखल नव्हता. गुन्हा नाही तर जप्ती कसली करायची? हा युक्तिवाद कोर्टात कितपत टिकला असता कोण जाणे, पण मी तो धरला. पेटी ठाण्यात नेणार नाही, काठावरच ज्याची त्याला वस्तू मिळेल, असा खलाशाला शब्द दिला आणि गुरुवारी दुपारी सगळ्या उतारूंना लाँचपाशी बोलावले.

ओहोटी पुरती लागली होती. खलाशाने सदरा काढला, लाँचच्या मागच्या बाजूला गळ्याइतक्या पाण्यात उतरला आणि बुडी मारली. वर आला तेव्हा त्याच्या हातात साखळी होती. सोमवारी होड्यांची झुंबड उडालेली पाहून त्याने पेटी सोडवली होती, पाण्यात सोडली होती आणि साखळी सुकाणूच्या बुडाशी अडकवली होती. तीन दिवस माझे दोन शिपाई नेमके त्या पेटीच्या वर बसून पहारा करत होते. त्यातल्या एकाने तर तिथूनच गळ टाकून मासे धरले होते.

पेटी काठावर आली. झाकण उघडले तेव्हा आत नुसता चिखलपाण्याने माखलेल्या पुरचुंड्यांचा गोळा होता. रंग ओळखू येत नव्हते. मला तर सगळ्या सारख्याच दिसत होत्या. खलाशी उकिडवा बसला, एकेक उचलून बोटांनी गाठ चाचपली आणि मान वर न करता देत गेला. "ही तुजी गो. ही घे रे, तुजी. वकिलांच्या कारकुनाला बोलवा, घड्याळ हाय." कारकुनाने घड्याळ कानाला लावले आणि तोंड वाकडे केले. ते बंद पडले होते. तेवढीच काय ती कुरकुर.

मी म्हटले, "सोडून बघा, आपलंच आहे ना."

कोणी सोडेना. माणसे माझ्याकडे अशी पाहू लागली की जणू मीच काहीतरी वावगे बोललो. गिरणी कामगाराने पुरचुंडी कमरेला बांधली, खलाशाच्या पायाला हात लावला आणि पोलादपूरची मोटार गाठायला धावत सुटला. मी सत्यनारायणाला, देवळात, मोठ्या मोठ्या सभांना हात जोडले आहेत. त्या काठावर मला जसे वाटले तसे तिथे कधी वाटले नाही.

शेवटी एक पुरचुंडी उरली. ती डोंगरावरच्या म्हातारीची होती. तिचा मुलगा पुढे आला. खलाशाने मान हलवली. "तिनं दिलीय. तिच्याच हातात देईन."

"माझा शिपाई नेऊन देईल. तुम्ही थकला आहात," मी म्हणालो. त्याला मी पहिल्यांदाच 'तुम्ही' म्हटले होते.

"नको साहेब," तो म्हणाला, आणि ओल्या अंगावरच सदरा चढवून त्याच डोंगराला लागला.

लग्न मुहूर्तावर लागले. पुढच्या आठवड्यात ठाण्यावर बुंदीचे लाडू आले. त्याच सुमारास वरिष्ठ तपासणीला आले. जप्ती पंचनामा कुठे आहे, विचारले. नाही म्हटल्यावर माल परस्पर वाटल्याबद्दल माझ्या नोकरीच्या कागदावर एक वाईट शेरा पडला. बढती दोन वर्षे लांबली. बायको बरेच दिवस नाराज होती.

त्या प्रकरणाने मला शिकवले ते एवढेच की चोर धरला म्हणजे पोलिसाचे काम झाले असे नाही. पुढे ज्या ज्या ठाण्यात बदली झाली तिथे चार्ज घेतल्यावर मी आधी मुद्देमालाची खोली उघडली. निकाल लागलेले, माल परत द्यावा असा हुकूम झालेले, आणि तरीही पडून असलेले जिन्नस प्रत्येक ठिकाणी निघाले. मालकांना कोणी कळवलेच नव्हते. मी एकेकाला शिपाई पाठवून बोलावू लागलो. काहीजण मधल्या काळात वारले होते.

घाटाखालच्या एका ठाण्यात अशीच एक बाई आली. हातात काकणे नव्हती, नुसते गोंदण होते. मी तिच्यासमोर चांदीची पाटली ठेवली. तिने पाहताक्षणी ओळखली, ते तिच्या डोळ्यांत मला स्वच्छ दिसले. मी कागद वाचून दाखवला, अंगठा कुठे द्यायचा ते सांगितले. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "नाय साहेब. माजी नाय ती."

मी पुन्हा समजावले. खटला संपला आहे, आता कुणी काही विचारणार नाही. ती मान हलवत राहिली. पाटली तिला मनगटात घालून बघायला लावली, बरोब्बर बसली. ती काढून तिने टेबलावर ठेवली आणि ठाण्याची पायरी उतरून गेली. दासगावच्या खलाशाला लोक काही न विचारता सोने देत होते. मी त्यांचेच त्यांना परत देत होतो आणि ते घ्यायला भीत होते.