धुतलेले पाय

येशूनं शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून पवित्र गुरुवारी चर्चमध्ये फादर बारा जणांचे पाय धुतात. यंदा मीही होतो, म्हणून घरूनच साबणानं टाचा घासून गेलो. सगळेच तसे जातात. शेजारी बसलेले पास्कूकाका मात्र गटार उपसून थेट आले होते. पाय बाकाखाली ओढत ते पुटपुटले, "माझे राहू द्या, फादर. घाण आहेत."

"मग पाणी कशाला आणलंय, काका?" म्हणत फादर गुडघ्यांवर बसले.

परातीतलं पाणी काळं झालं. येशूनं धुतलेले शिष्यांचे पायही धुळीतूनच चालून आले होते, हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. आमची गल्ली स्वच्छ ठेवणाऱ्या माणसालाच आम्ही पायांची लाज वाटायला लावली होती.

फादर माझ्याकडे वळले, तेव्हा मीही माझे स्वच्छ पाय बाकाखाली ओढून घेतले.