शेवटचा चतकोर

आमची आत्या नवी कादंबरी घरात आली की आधी तिचे चार तुकडे करायची. पाट उलटा घालायचा, त्यावर पुस्तक पालथं टाकायचं, पाठीवरून ब्लेड फिरवायचं आणि शिवण उसवल्यासारखं चर्रकन फाडायचं. मग प्रत्येक तुकड्याला खाकी कागदाचं कव्हर आणि वर वाण्याच्या पुडीला असतो तसा दोरा. भाकरीच्या चौथ्या हिश्श्याला चतकोर म्हणतात, म्हणून हे तुकडेही चतकोर. "कादंबरी एक आणि वाचणारी डोकी चार. बाकीच्या तिघांनी काय तोंड बघत बसायचं?" असं ती विचारायची. पुस्तकं जिवापाड जपणारी माणसं हे वाचून कळवळतील. कळवळू देत. त्यांच्या कपाटातली किती पुस्तकं उघडून बघितलेली असतात ते मला चांगलं ठाऊक आहे.

आत्या म्हणजे माझ्या बाबांची थोरली बहीण, अनू. आजोबा मालवणकडून येऊन गिरणीत लागले, गिरणी गेली, आणि आम्ही सगळे दिंडोशीच्या वसाहतीत दोन खोल्यांत आलो. आत्याने लग्न केलं नाही. का केलं नाही असं कुणी विचारलं तर म्हणायची, "एवढा वेळ कुणाला होता?" तिला एका जागी बसवायचं नाही. गॅसपाशी उभी राहून वाचायची, गॅलरीत येरझाऱ्या घालत वाचायची, दूध उतू जायचं आणि शिव्या दूधवाल्याला बसायच्या. शेजारीण मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांचं सांगायला लागली की हिचं मधेच, "ते पोह्यांचं राहू दे गं. पुढे काय?" वसाहतीतल्या पोरांनी तिचं नावच पुढेकाय आत्या पाडलं होतं. तिला ते आवडायचं, पण पोरांना ती तसं कळू द्यायची नाही.

कादंबऱ्या यायच्या मालाडच्या एका रद्दीवाल्याकडून, आणि हाताला लागेल ती उचलायची असा खाक्या. रहस्यकथा, प्रेमकथा, बेटावर हरवलेली पोरं, पुरस्कार मिळालेल्या जाडजूड कादंबऱ्या, सगळं एकाच पिशवीत. "जेवणात आमटीपण लागते, लोणचंपण लागतं," एवढीच तिची समीक्षा. प्रेमकथेतला नायक तीन पानं चंद्राकडे बघत बसला की ती कावायची, "अरे मेल्या, एवढं त्या चंद्राला सांगतोयस ते तिला सांग ना." साहसकथा वाचताना तिचा प्रश्न ठरलेला, ह्या पोरांच्या आया करतात तरी काय? आणि गंभीर कादंबरीबद्दल एकदा मला म्हणाली, "ह्यात काही घडत नाही रे बाबू. पण घडेल घडेल म्हणून वाट बघायला मजा येते." साहित्यावर भाषणं मी पुष्कळ ऐकली, त्यातलं एक वाक्य आठवत नाही. हे आठवतं.

हे सगळं घाईत चालायचं, त्यामुळे गोंधळ ठरलेला. रविवारी ती दोन-तीन कादंबऱ्या एका बैठकीत फाडायची, आणि खाकी कव्हरं बघायला सगळी सारखीच. एकदा वाचून झालेले चतकोर आईला देताना तिच्या प्रेमकथेच्या मधोमध साहसकथेचा चतकोर आला. कोल्हापुरातला डॉक्टर नायिकेवर रुसून निघून जातो, आणि पुढच्या पानावर तीन मुलं आणि एक कुत्रा गुहेत खजिना शोधतात. आईने निमूट सगळं वाचून काढलं. वर म्हणाली, "शेवट बरा केलाय, पण त्या कुत्र्याचं पुढे काही सांगितलं नाही." आत्या हसून हसून गॅलरीच्या कठड्याला टेकली. आई मात्र लेखकावर बरेच दिवस नाराज होती.

चार डोक्यांतलं चौथं डोकं म्हणजे अग्नेसमावशी. मरोळला आत्या विजेचे स्विच जोडायच्या कारखान्यात होती आणि शेजारच्या स्टुलावर अग्नेस. ती गोराईची, रोज सकाळी खाडी ओलांडून यायची. डब्यात बोंबील, गळ्यात क्रूस आणि पर्समध्ये आत्याने दिलेला चतकोर. वाचण्यात आत्या पुढे, तिच्या मागे अग्नेस, मग आई, मग मी. पुढच्याने मागच्याला अक्षर सांगायचं नाही आणि आधीचा चतकोर हातात पडल्याशिवाय पुढच्याचा दोरा सोडायचा नाही, हे दोन कायदे. आत्याला स्वतःचा भरवसा नव्हता. शेवट घरात असला की आपण तो चोरून बघणार हे तिला पक्कं माहीत. म्हणून प्रत्येक कादंबरीचा शेवटचा चतकोर फाडल्याफाडल्या अग्नेसच्या ताब्यात जायचा. आत्याने तिसरा वाचून तिच्या हातावर ठेवला की मगच ती चौथा द्यायची. आत्या विनवण्या करायची, चिडायची, डब्यातलं मासळीचं कालवण लाच म्हणून पुढे करायची. अग्नेस कालवण खायची आणि चतकोर द्यायची नाही.

मग कारखाना वसईला हलायचा ठरला. ज्यांना यायचंय त्यांनी नावं द्या, असं मालकाने सांगितलं. दोघींनी ठरवलं, जायचं नाही. गेलो तर दोघी, नाहीतर कुणीच नाही. आणि शेवटच्या आठवड्यात सुपरवायझरच्या तोंडून आत्याला कळलं की अग्नेसने नाव दिलंय. घरी दोन मुलं शिकत होती, नवऱ्याची होडी विकून झाली होती, ती बिचारी काय करणार? पण आत्याला राग नाव दिल्याचा नव्हताच. "मला सांगायचं नाही होय गं?" तिने गेटवर विचारलं. अग्नेस म्हणाली, "सांगितलं असतं तर तू जाऊ दिलं असतंस?" त्यावर आत्याचं डोकंच फिरलं. घरी आली, चप्पल काढली आणि म्हणाली, "आयुष्यभर सगळ्यांना पुढे काय विचारत आले. माझ्या मैत्रिणीचं पुढे काय, ते मला सगळ्यात शेवटी कळलं."

त्या वेळी एक पुण्याची कादंबरी चालू होती. शाळेत शिकवणारी विधवा बाई, सासरच्यांच्या जाचाला कंटाळलेली. तिसरा चतकोर अशा जागी फाटला होता की बाई बॅग भरते, कडीला हात घालते आणि बाहेरून कुणीतरी दार वाजवतं. बस. पुढचं अग्नेसकडे. आत्याने ती फाडली त्या रविवारचा सगळा गठ्ठा माळ्यावर टाकला आणि पुन्हा कधी पुस्तकावर ब्लेड चालवलं नाही. कादंबऱ्या वाचायची, पण अख्ख्या.

जिला मालिकेतली जाहिरात सहन होत नव्हती ती आत्या वर्षानुवर्षं त्या दाराशी अडकून पडली. भांडी घासताना मधेच म्हणायची, "दीर असणार. चावी मागायला आला असेल." दिवाळीला म्हणायची, "नवरा जिवंतच असेल बघ." मी शेवटी वैतागलो. म्हटलं, आत्या, मोबाइलवर मागवतो, दोन दिवसांत अख्खी कादंबरी दारात. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी फोन खिशात घातला. "माझा चतकोर तिच्याकडे आहे," ती म्हणाली, "दुसऱ्याचा कशाला आणतोस?" गोराईला जाऊन मागून आण म्हटलं तर, "ती येईल द्यायला." अग्नेस काही आली नाही. दोघी एकाच मातीच्या.

रक्तातल्या साखरेने आत्याचे डोळे धरले. पडद्याचा आजार, गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. आधी अक्षरं गेली, मग चेहरे पुसट व्हायला लागले. घरभर भिंतीला हात लावत येरझाऱ्या घालायची, ते बघून मला गलबलून यायचं आणि रागही यायचा, कुणावर ते कळायचं नाही. एका सकाळी म्हणाली, "मला गोराईला ने. दिसतंय तोवर तिचं तोंड बघून घेते. पुढे भांडायचं तर आवाजावरही भांडता येईल."

माळ्यावरचा गठ्ठा काढला, त्यातून पुण्याच्या बाईचे तिन्ही चतकोर शोधून पिशवीत घातले आणि बोरिवलीहून बोटीने गेलो. अग्नेसमावशी अंगणात बोंबील वाळत घालत होती. केस पांढरे झालेले, बाकी तशीच. आत्या फाटकात उभी राहिली. मावशीने वर बघितलं, हातातले बोंबील दोरीवर टाकले आणि म्हणाली, "तिसरा आणलास?"

"आणलाय," आत्या म्हणाली.

"मग आत ये ना. उन्हात काय उभी राहतेस?"

एवढंच. मी मनात केवढी तयारी करून गेलो होतो, सगळी फुकट गेली. मावशीने कपाटातून चौथा चतकोर आणला. दोरा जसाच्या तसा, गाठ आत्याचीच. इतकी वर्षं तिने तो सोडला नव्हता, कारण तिसरा हातात आला नव्हता. आधी तिने तिसरा मोठ्याने वाचला. बाईने कडीला हात घातला, बाहेरून दार वाजलं. मग दोरा सुटला, मावशीने चष्मा पुसला आणि वाचायला लागली, "'दोर घट्ट धर,' बंड्या ओरडला. खाली मगरींनी जबडे उघडले होते..."

तिने कव्हर उलटून बघितलं. मग मावशी सावकाश म्हणाली, "अनू, हे काय?"

काय म्हणजे, आत्याची घाई. त्या रविवारी एकट्या माझ्यासाठी आणलेली एक साहसकथाही तिने सवयीने फाडली होती, तिचा शेवट अग्नेसकडे न देता घरीच ठेवला होता, आणि कव्हरं घालताना दोन्हींच्या शेवटांची अदलाबदल झाली होती. मला तेव्हा मिशी फुटली होती, बंड्याचं मला काही पडलेलं नव्हतं, म्हणून घरचे ते चतकोर कुणी उघडलेच नाहीत. म्हणजे आत्या ज्या शेवटासाठी तळमळत होती तो तिच्याच डोक्यावर, माळ्यावर पडून होता. आणि अग्नेसने देवघरातल्या मूर्तीसारख्या सांभाळल्या त्या मगरी. दोघी एकमेकींना धरून हसत होत्या, मधेच रडत होत्या. मी बोंबलांकडे बघत बसलो. नंतर मगरींचं काय झालं ते मावशीने पूर्ण वाचून दाखवलं, कारण सोडलेला दोरा अर्ध्यात बांधायचा नाही असं आत्याचं म्हणणं पडलं.

पुढच्या रविवारी मी खरा चौथा चतकोर घेऊन गेलो. आत्याने तो माझ्या हातून अग्नेसला देववला. "ह्या वेळी तू पुढे," ती म्हणाली. दार वाजवणारा विजेचं मीटर बघायला आलेला माणूस निघाला. आत्याने कपाळावर हात मारला, "ह्या मीटरवाल्यासाठी मी एवढा जीव टाकला?" पण बाई घराबाहेर पडते की नाही हे अजून बाकी होतं. मावशी दर रविवारी थोडंसं वाचायची आणि मिटून ठेवायची. आत्या म्हणायची, "पुढे काय?" मावशी म्हणायची, "पुढच्या रविवारी." हळूहळू आत्याला दिसेनासं झालं, तरी रविवारी सकाळी ती साडी नेसून तयार.

चतकोर केवढासा, पण संपेचना. एकदा परतीच्या बोटीत आत्या माझ्या दंडाला धरून बसली होती. वारा होता. मधेच हळूच म्हणाली, "बाबू, अग्नेस मनाचं घालतेय रे."

"कशावरून?"

"पुण्याची मास्तरीण, सोवळ्यातलं घर. ती गच्चीत बोंबील कशाला वाळत घालेल?"

मी म्हटलं, मग विचार ना तिला. आत्या खाडीकडे तोंड करून बसली. तिला खाडी दिसत नव्हती. "गप बस," म्हणाली, "तुला कसली घाई आहे?" हे वाक्य मी तिच्या तोंडून जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

आत्या गेल्या वर्षी गेली. दोन दिवस हॉस्पिटलात होती, तिथेही नर्सला विचारत होती, ह्या सलाइननंतर काय. मावशी तेराव्याला आली, काळा स्कार्फ बांधून, पिशवीत तो चतकोर घेऊन. जेवणं झाल्यावर गॅलरीत आम्ही दोघंच उभे होतो. मला राहवलं नाही. म्हटलं, "मावशी, आत्याला कळलं होतं. ते बोंबलांचं."

"माहीत आहे मला," मावशी म्हणाली. "मुद्दाम घातले होते. म्हटलं बघू, बोलते का. तिच्या पोटात एक गोष्ट राहायची नाही रे. आणि बोलली नाही. रविवार आला की पुन्हा आपली विचारते, पुढे काय." तिने डोळे पुसले आणि चतकोर माझ्या हातात दिला. "वाच तू. कधीच संपलाय तो. चार रविवारसुद्धा पुरला नाही."

मी दोरा बघितला. मावशीने पुन्हा बांधला होता, पण गाठ आत्याची नव्हती. मी चतकोर तिच्या पिशवीत परत ठेवला आणि विचारलं, "मग ती गच्चीतली बाई? तिचं पुढे काय?"

मावशीने माझ्याकडे नीट बघून घेतलं. "रविवारी ये," ती म्हणाली. "बोंबील अजून वाळायचेत."

बोरिवलीच्या धक्क्यावरून रविवारी पहिली बोट सुटते, ती मी आता चुकवत नाही.