नाकानं वांगी भाजणारी नागुबाई

“वांगी डोळ्यानं भाजत न्हाईत गं पोरी, नाकानं भाजत्यात,” असं नागुबाई येता-जाता म्हणायची. जयाबाई सून होऊन पिरनवाडीत आली, त्या पहिल्याच सांजेला तिनं हे ऐकलं. नंतरच्या सात-आठ वर्षांत किती वेळा ऐकलं, त्याला गणती नाही.

आणि ते खरंच होतं. नागुबाई चुलीतले निखारे पुढं ओढायची, गरम राखेच्या फुफाट्यात वांगी, कांदे, रताळी पुरायची आणि चुलीकडं सरळ पाठ करून जात्यावर बसायची. भाजलेले हुलगे भरडायची. जात्याची घरघर चाललेली असायची आणि मधेच ती म्हणायची, “जये, डावीकडचं उलट.” जयाबाई बघायची, तर डावीकडच्या वांग्याची साल नुकती तडकलेली असायची. कच्चं वांगं हिरवट वासाचं. अर्धं भाजलं की ओल्या मातीसारखं. पुरं झालं की गोडसर, धुरकट. एवढं सगळं त्या बाईच्या नाकात साठवलेलं होतं. आमच्या मुलखात रांधणाऱ्या बायका पुष्कळ झाल्या. पाठमोरी रांधणारी ती एकच.

तिचं माडगंही तसंच. हुलग्याचं भरड पीठ पाण्यात कालवून ती मंद जाळावर ठेवायची, लसूण ठेचून टाकायची, मीठ, चिमूटभर तिखट. दाट, तांबूस, गरम. शेतातून गारठून आलेल्या माणसानं वाटीभर प्यावं आणि त्याच्या कानाच्या पाळ्या तापाव्यात.

मग एकोणीसशे अठरा सालचा आश्विन आला, आणि त्याच्याबरोबर मानमोडीच्या तापाची साथ आली.

नागुबाईचा मुलगा भावकू तेव्हा पलटणीत होता, लढाईवर बसऱ्याकडं. घरात सासू, सून आणि पाच महिन्यांची अंबू. लग्नानंतर सात वर्षांनी पाळणा हलला होता, म्हणून जयाबाई पोरीला जमिनीवर ठेवायलासुद्धा कचरायची.

रोज पहाट सरली की नागुबाई घराशेजारच्या परड्यातल्या दगडावर उभी राहायची आणि गावाच्या कौलांकडं बघायची. कुठल्या घरातून धूर निघाला, कुठल्या नाही. पहिल्या दिवशी दोन घरं बिनधुराची होती. आठवडा झाला तेव्हा अकरा. जिथं धूर नाही तिथं चूल पेटवायला कुणी उठलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. ती मोठं मडकं भरून माडगं करायची, टोपलीत भाजलेली रताळी घ्यायची आणि त्या दारांकडं चालू लागायची.

समोरच्या घरातला म्हातारा मष्णू उंबऱ्यावर बसून तिला टोचायचा. “काय वैनी, आज कुणाच्या दारात जेवणावळ?”

“तुझ्या न्हाय. तू मरायला टेकलास की सांग, तुलाबी आणीन.”

“तुझ्या माडग्यापायी मरायचीबी तयारी हाय. पर लसूण हात सोडून घाल!”

जयाबाईला ही थट्टा सोसत नव्हती. एक दिवस ती दारात आडवी उभी राहिली. “आत्ती, तुमच्या पाया पडते. जाऊ नका. घरात लेकरू हाय.”

“मी कुणाच्या उंबऱ्यात पाय घालत न्हाय. वाटी दारात ठेवते, हाक मारते, मागं सरते. हिरीवर अंगावर पाणी घेतल्याबिगर पोरीला हात लावत न्हाय. आणि काय करू? भरमूच्या घरात चौघं पडल्यात. त्यांनी काय भिंत चाटायची?”

जयाबाई बाजूला झाली. त्या दिवशी नागुबाई भरमूच्या दारातून परतली. हात धुता धुता म्हणाली, “भरमू सांगत होता, ही आधी नाकात बसत्या. परवा त्याला लसणीचा वाससुदिक येईना. काल मान धरंना झाली.” हात झटकून म्हणाली, “आज हाक मारली, तर आतनं ओ आली न्हाय.”

त्यानंतरच्या मंगळवारची गोष्ट. गावात कुत्रीही भुंकत नव्हती. सकाळी नागुबाईनं अंबूची टाळू तेलानं भरली होती, तिला मांडीवर खेळवलं होतं. मग राखेत वांगी पुरून ती जात्यावर बसली. जयाबाई पोरीला पाजत भिंतीला टेकली होती.

फुफाट्यातून धूर निघाला. आधी पांढरा, मग काळा. एका वांग्याची साल फाटली, आतला रस निखाऱ्यावर सांडून चरचरला. घरभर जळका, कडवट वास कोंदला. जात्याची घरघर चालूच होती.

“आत्ती, वांगं...”

“येळ हाय अजून. वास सुटला न्हाय.”

 जयाबाईनं अंबूला छातीशी घट्ट धरलं. पोर कुरकुरली, तशी नागुबाईनं मान वळवली. राखेत कोळसा झालेलं वांगं पडलं होतं.

जातं थांबलं. नागुबाईनं लसणीची पाकळी घेतली, ठेचली, नाकाशी धरली. मग हिंगाची डबी उघडली. पुन्हा लसूण. मग डबीचं झाकण नीट दाबून बसवलं.

“सकाळी टाळू भरली मी हिची,” ती म्हणाली.

“पडसं असंल, आत्ती. नुसतं पडसं.”

“असंल. पोरीला निंबाच्या पाण्यानं न्हाऊ घाल. माझं लुगडं, वाकळ, मांडीखालचा पाट, समदं परड्यात नेऊन जाळ. मी शेतातल्या खोपीत जाते.”

“एकटीच? तिथं तुम्हांला कोण बघणार?”

“चार दिसांनी बांधावर येऊन हाक मार. त्याच्या आत यायचं न्हाय. आणि पोरीला घेऊन तर कवाच न्हाय. ऐकलंस?”

जयाबाई रडत एक पाऊल पुढं आली, तशी नागुबाई तेवढीच मागं सरली. “तिथंच थांब!” असा आवाज तिनं सुनेवर कधी चढवला नव्हता.

तिनं मडक्यातलं थोडं माडगं एका गाडग्यात काढून घेतलं, वाळल्या शेणीवर दोन निखारे घेतले आणि परड्याच्या दारानं बाहेर पडली. बाकीचं मडकं चुलीवर तसंच राहिलं, आणि ते आता कुणाच्या दारात जायचं हे ठरायचं राहिलं.

पायवाट भाताच्या शेतांतून जात होती. भात लोंब्या धरून कमरेएवढं झालेलं. त्यातून तिची पाठ, डोक्यावरचा पदर आणि शेणीवरचा धूर तेवढा दिसत होता. मधे एकदा ती थांबली, वाकली, बराच वेळ वाकलेलीच राहिली. मग पुन्हा चालू लागली. समोर उंबऱ्यावरचा मष्णू उठून उभा राहिला होता. आणि परड्याच्या दारात जयाबाई उभी होती, कडेवर अंबू. पोरीच्या टाळूवरचं तेल अजून वाळलं नव्हतं. जयाबाईनं त्यावर हात ठेवला होता, आणि हाताखालची ऊब उन्हाची की तापाची, हे तिला कळत नव्हतं.