सावडीचं यंत्र

मळवलीचे एक आबा दर महिन्याला लोणावळ्यात माझ्या दुकानात येतात. झोपेत श्वास अडकू नये म्हणून मास्कमधून हवा देणारं त्यांचं यंत्र मी तपासतो. चपला बाहेर काढून, यंत्राची पिशवी कोंबडी धरावी तशी मांडीवर घेऊन ते बसतात.

एकदा यंत्रातल्या नोंदी पाहिल्या, तर एक दिवसाआड भलताच माणूस झोपल्यासारखं दिसलं.

आबा म्हणाले, "लोहगडवाडीला माजा साडू ऱ्हातो, त्योबी लय घोरतो. भाताच्या लावणीला आमची सावड असती. आज त्याचं खाचर, उद्या माजं. तसंच ह्ये."

मी समजावलं, की हवेचा दाब ज्याचा त्याला ठरवावा लागतो आणि यंत्र रोज लागतं. ते नुसतं "व्हय" म्हणाले. पुढच्या महिन्यात साडूला दंडाला धरूनच आणलं. त्याची तपासणी झाली, वेगळं यंत्र आलं.

"मग सावड मोडली का, आबा?"

"कशापायी? रोज सकाळी फोन असतो. त्यो मला इचारतो मास्क लावला व्हता का, मी त्याला."

माझ्या पुण्याच्या गिऱ्हाइकांची यंत्रं दोन महिन्यांत माळ्यावर जातात. या दोघांची एक रात्र चुकलेली नाही. हल्ली पुण्याचं कुणी आलं, की यंत्र दाखवण्याआधी मी विचारतो, साडू आहे का.