मंत्री समोरच्या बिल्डिंगीत आले

मुंबईहून इस्राएलमध्ये लोदला येऊन आम्हाला दहाएक वर्षं झाली होती. माझा थोरला भाऊ बस चालवायचा. गावाबाहेर रस्ता जिथे रूळ ओलांडतो तिथे नुसती घंटा होती, आडवा दांडा नव्हता. तिथे मालगाडीने त्याची बस उडवली. तो गेला, काही उतारूही गेले. आम्ही दफन करून घरी येतो तोवर वाहतूकमंत्र्यांनी रेडिओवर सांगून टाकलं होतं, की चूक ड्रायव्हरची दिसते आणि चौकशी समिती नेमली आहे. आईला हिब्रू येत नव्हतं. मीच तिला मराठीत सांगितलं.

आम्ही शिवाला, म्हणजे सात दिवसांच्या सुतकाला, जमिनीवर बसलो. समोरच्या बिल्डिंगीतली एक तरुण मुलगी त्याच बसमध्ये गेली होती. तिच्याही घरी शिवा चालू होता.

तिसऱ्या दिवशी मंत्र्यांची मोटार गल्लीत आली. खिडकीशी मावशी होती, तिने सांगितलं. आईने पदर सारखा केला. घंटा कधीकधी वाजत नाही, असं भावाने बसच्या कचेरीत कळवलं होतं. ते तुम्हाला कोणी सांगितलं का, एवढंच आईला मंत्र्यांना विचारायचं होतं. तेवढं हिब्रू तिने माझ्याकडून घोकून घेतलं.

"उठू नकोस हां," मावशी म्हणाली. "सुतकात राजा आला तरी उठत नाहीत."

"उठते कशाला? बसूनच विचारीन."

मंत्री समोरच्या बिल्डिंगीत गेले. फोटोवाले बाहेर जिन्यात थांबले. बऱ्याच वेळाने मोटारीचं दार लागल्याचा आवाज आला आणि मोटार निघून गेली. मावशी म्हणाली, साहेबांना मीटिंग असेल. वहिनीने मान वर केली नाही. आई संध्याकाळपर्यंत दाराकडे तोंड करून बसली होती.

सातव्या दिवशी सकाळी सुतकातून उठलो. उठल्यावर घराबाहेर एक फेरी मारायची रीत आहे. समोरची माणसंही तेव्हाच खाली उतरली. त्या मुलीची आई आम्हाला बघून थबकली. मी आईचा दंड धरला, पण ती माझा हात सोडवून पुढे गेली आणि मंत्र्यांसाठी घोकलेलं सगळं तिला न अडखळता बोलली.

त्या बाईने शेवटपर्यंत ऐकलं.

"नाही," ती म्हणाली. "आम्हाला कोणी सांगितलं नाही."

मग नवऱ्याच्या मागून ती चालायला लागली. आम्ही दुसऱ्या बाजूने घरी आलो.